इसापूरच्या पाण्यावर शिडाची शर्यत हवी

हदगावच्या शिवाराला पाणी देणाऱ्या इसापूर जलाशयावर हौशी विंडसर्फिंगची, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून धावण्याची, स्थानिक शर्यत व्हायला हवी. समुद्र नाही, हा आक्षेप टिकत नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, खडकवासल्याला एनडीएचे छात्र शीड हाकायला शिकतात. दुष्काळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. गुण होताच, संधी उशिरा मिळाली. असा गुण इथल्या पोरांकडेही आहे. विंडसर्फिंगच्या फळीला सुकाणू नसतं. शीड पुढे कलवलं की ती वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवलं की वाऱ्याकडे. या खेळात ताकदीइतकाच वाऱ्याचा अंदाज लागतो, आणि पावसाची चाहूल वाऱ्यावरून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरांकडे तो असतो.

पिण्याचं, शेतीचं पाणी खेळाला कशाला, असं कुणी विचारेल. या फळीला इंजिन नाही, तेल नाही; पाणी थेंबभरही खर्च होत नाही. बुडण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणूनच आधी पोहणं, अंगात लाइफ जॅकेट, सोबत बचाव होडी आणि धरणाच्या भिंतीपासून लांबची हद्द, या अटी हव्यातच. पाटबंधारे खातं आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने पावसाळा संपताच, जलाशय भरलेला असताना, पहिली शर्यत घ्यावी.