डाक कोणाच्या टेबलावर?

संकेतस्थळ हा ‘तांत्रिक विषय’ आहे, तो कंत्राटदारावर सोपवावा, हे वाक्य दिल्लीतील नोकरीत मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याची चीड येते. परिपत्रकाचा पत्ता कोणता असावा, हा प्रशासनाचाच प्रश्न आहे.

२००६ साली मी ज्या कार्यालयात होतो, तेथील परिपत्रके अपाची ककूनमधून प्रसिद्ध होत. एकाच एक्सएमएल मजकुरातून ककून एचटीएमएल पानही घडवते आणि पीडीएफही. मात्र आमचे ककून टॉमकॅट या सर्व्हलेट कंटेनरच्या पोटात होते; विनंती आधी टॉमकॅटच्या हाती पडे. कंत्राटदाराने केवळ ‘.एचटीएमएल’ने संपणारे पत्ते ककूनकडे वळवले होते. पीडीएफ मागितली की टॉमकॅट डिस्कवर फाइल शोधी, ती नसे, आणि वाचकास ४०४ मिळे. तक्रारीनंतर त्याने सरसकट पीडीएफही तिकडे वळवल्या. लगेच जुन्या, स्कॅन केलेल्या पीडीएफ नाहीशा झाल्या. ककूनच्या साइटमॅपमध्ये त्यांच्यासाठी नियमच नव्हता. निवृत्तिवेतनाचे जुने आदेश नेमके त्यांतच होते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ आम्ही भिंतीवर लावले होते, हे सांगावयास हवे काय?

दोघांच्या न्यायपद्धतीच भिन्न आहेत. टॉमकॅट नेमका पत्ता आधी पाहतो, मग सर्वांत लांब जुळणारा मार्ग, मग विस्तार, शेवटी उरलेसुरले. तेथे नोंदींच्या क्रमाला किंमत नाही. साइटमॅपमध्ये क्रमच सर्वस्व: वरून खाली वाचताना जो नियम प्रथम जुळेल तो विनंती घेऊन जातो. सर्वव्यापी नियम वर लिहिला की खालचे सारे मृत. (आमच्या काही स्थायी आदेशांची आठवण होते.)

म्हणून माझे म्हणणे असे, की टॉमकॅटने उरलेसुरले सर्व ककूनकडे द्यावे, पत्त्यांचा निवाडा साइटमॅप या एकाच कागदावर व्हावा, आणि ‘फाइल असल्यास तीच द्यावी’ हा नियम तळाशी असावा. चित्रे ककूनमार्फत दिल्यास वेग मंदावतो, हा आक्षेप खरा आहे. त्यांचे फोल्डर खुशाल वेगळे वळवावे. परंतु तो अपवाद नस्तीवर सकारण नोंदलेला असावा, कंत्राटदाराच्या स्मरणात नव्हे.

माझ्या टिपणीवर ‘पाहिले’ एवढाच शेरा आला. पुढे ते संकेतस्थळ बदलले. नव्या निविदेत मुखपृष्ठाच्या रंगांवर दीड पान होते. पत्त्यांवर एक ओळही नव्हती.