ज्यानं काम केलं, त्यानंच पासचा शिक्का मारायचा नाही

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी आणि रात्री-अपरात्री फोन आला की उठून ते सावरणारी माणसं आहोत. आमच्यातले बरेचजण पुण्यात आहेत, काही नाशिक-नागपूरला, काही बंगळूरला, काही परदेशात. आमच्या हातचं बरंच काम आता एआय एजंट करतात, आणि तो एजंटही सगळं एकट्यानं करत नाही. मुख्य एजंट कामाचे तुकडे पाडतो, उप-एजंटांना वाटून देतो, त्यांचे अहवाल गोळा करतो आणि आम्हाला कळवतो: झालं, सगळ्या टेस्ट पास आहेत. या शब्दावर उद्या कुणाचा पगार, कुणाचं वीजबिल, कुणाच्या औषधाची मात्रा अवलंबून असणार आहे. तो शब्द पुराव्यानिशीच यावा, यासाठी आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत.

एजंटांना आमचा विरोध नाही. शेकडो फायलींमधला एकसारखा बदल, जुन्या लायब्ररीवरून नवीवर जाणं, आठवडाभर न सापडलेल्या बगचा माग काढणं ही कामं ते झपाट्यानं उरकतात आणि आम्हाला ते हवे आहेत. आमचं म्हणणं असं की काम सोपवणं हे एक कौशल्य आहे आणि सोपवलेलं काम तपासून घेणं हे दुसरं. दोन्ही अंगभूत नसतात. माणसांनाही ती शिकावी लागली, एजंटांनाही शिकवावी लागतील.

एक साधं उदाहरण घेऊ. बिलाच्या प्रणालीत एक टेस्ट नापास होते आहे. प्रत्येकी १०.३० रुपयांच्या तीन ओळी, त्यावर १८ टक्के जीएसटी. दर ओळीचा कर वेगळा काढून पैशात बसवला तर १.८५ प्रमाणे ५.५५ होतो, एकूण ३०.९० वर एकदाच काढला तर ५.५६. फरक एका पैशाचा. मुख्य एजंट उप-एजंटाला सांगतो, "बिलाची टेस्ट नापास होतेय, दुरुस्त कर." उप-एजंट टेस्टची फाइल उघडतो, पाच पैशांपर्यंतचा फरक चालेल अशी सूट तिच्यात घालतो आणि कळवतो की टेस्ट पास झाली. तो खोटं बोललेला नाही. टेस्ट दुरुस्त करायला सांगितली होती, त्यानं केली. मग मुख्य एजंट दुसऱ्या उप-एजंटाला तो अहवाल दाखवून विचारतो, "हे बरोबर आहे ना?" तो मम म्हणतो. पुढं वीस ओळींचं बिल निघतं, कर ३७.०८ यायला हवा तिथं ३७.०० येतो आणि आठ पैशांचा फरक ग्राहकाच्या हिशेबात उघडा पडतो. टेस्ट मात्र अजून हिरवीच असते.

इथं बिघडलं ते सूचनेच्या पहिल्या वाक्यात. उप-एजंटाला मुख्य एजंटाचं आधीचं संभाषण सहसा दिसत नाही. त्याला मिळते ती फक्त हातातली सूचना. वापरणाऱ्यानं थोड्या वेळापूर्वी घातलेली अट त्या सूचनेत उतरली नाही, तर त्याच्यापुरती ती अटच नाही. म्हणून सूचना अशी हवी: कर एकूण रकमेवर काढायचा आणि शेवटी एकदाच पैशात बसवायचा. रकमा पूर्णांक पैशांत ठेवायच्या. बिलाच्या फोल्डरबाहेर काही बदलायचं नाही. टेस्टला हात लावायचा नाही. टेस्टच चुकीची वाटली तर थांबायचं आणि तसं सांगायचं. परत येताना कोणत्या कमांड चालवल्या आणि त्यांचं आउटपुट काय आलं ते जसंच्या तसं आणायचं, सारांश करून नव्हे. इतकं लिहायला मुख्य एजंटाला आधी काम स्वतः समजून घ्यावं लागतं. उंटावरून शेळ्या हाकून ते होत नाही.

आता तपासणीकडे येतो. आमचा सगळ्यात मोठा आग्रह तिथं आहे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. तो कोड एरियान ४ मधून आला होता. तिथं तो आकडा कधी एवढा मोठा होत नव्हता. आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: एक बंद पडली तर दुसरी हवी म्हणून रॉकेटवर अशा दोन यंत्रणा बसवलेल्या होत्या. दोन्हींत सॉफ्टवेअर तेच होतं. राखीव यंत्रणा आधी बंद पडली, मुख्य यंत्रणा तिच्या मागोमाग, आणि दोन्ही त्याच कारणानं.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९८६ मध्ये, जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच मागणीवरून स्वतंत्रपणे २७ प्रोग्रॅम लिहिले आणि प्रत्येक प्रोग्रॅम दहा लाख वेळा तपासला गेला. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं म्हणजे चुकाही वेगवेगळ्या जागी होतील, ही अपेक्षा टिकली नाही. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी, एकाच इनपुटवर चुकले, आणि तेही निव्वळ योगायोगानं होईल त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा. ती वेगवेगळी माणसं होती. आपण तर एकाच मॉडेलचे पाच उप-एजंट उभे करतो आणि पाचांचं एकमत झालं की निर्धास्त होतो. एकाच माळेचे मणी एकमेकांची री ओढणारच.

म्हणून तपासणाऱ्या एजंटाला काम करणाऱ्याचं निवेदन आधी दाखवायचं नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्याला मूळ मागणी द्या, डिफ (कोडमध्ये नेमकं काय बदललं ते) द्या आणि कोड चालवायची सोय द्या. "बरोबर आहे ना?" असं विचारू नका, "हे कुठं मोडतं ते शोधून दाखव" असं सांगा. त्यानं जुन्या, न बदललेल्या टेस्ट नव्या कोडवर चालवाव्यात. नव्या टेस्ट जुन्या कोडवरही चालवाव्यात. बग होता तिथंही त्या पास झाल्या, तर त्यांनी काहीच सिद्ध केलेलं नाही. वरच्या उदाहरणात त्यानं वीस ओळींचं बिल स्वतः बनवून पाहिलं असतं, तर आठ पैसे तिथंच सापडले असते. शक्य असेल तिथं तपासणारं मॉडेल वेगळं असावं. आणि जिथं कंपायलर, टाइप-चेकर किंवा साधी स्क्रिप्ट निकाल देऊ शकते तिथं मॉडेलचं मत विचारूच नये.

यात नवं फार थोडं आहे. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड-तपासणीची पद्धत मांडली, तेव्हाही तपासणीची सूत्रं कोड लिहिणाऱ्याच्या हाती नव्हती, त्यासाठी वेगळा मॉडरेटर होता. आपल्या धंद्याला हे पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. एजंटांच्या वेगाच्या कौतुकात ते मागं पडू द्यायला आम्ही तयार नाही.

प्रत्येक काम वाटूनच द्यावं असंही आम्ही म्हणत नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं की माणसं वाढली की आपसातले संवादाचे धागे त्याहून वेगानं वाढतात: दहा जणांत पंचेचाळीस. एजंटांनाही हे चुकलेलं नाही. प्रत्येक उप-एजंटाला वेगळं वर्कट्री (कोडची स्वतंत्र प्रत) दिलं की फायली एकमेकांच्या पायात येत नाहीत, पण निर्णय येतात. एकानं तारीख यूटीसीत साठवली आणि दुसऱ्यानं ती भारतीय वेळ समजून वाचली, तर दोघांच्या टेस्ट आपापल्या जागी पास होतात आणि मध्यरात्रीनंतरच्या ऑर्डरी आदल्या दिवसाच्या हिशेबात जातात. असे सामायिक निर्णय मुख्य एजंटानं वाटणीआधी घ्यावेत आणि प्रत्येक सूचनेत लिहावेत. ते घेता येत नसतील तर काम एकाच एजंटानं सलग करावं. शोधणं, वाचणं, तपासणं खुशाल वाटा. एकमेकांत गुंतलेलं लिखाण वाटताना दहादा विचार करा.

मॉडेल घडवणाऱ्या कंपन्यांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशिक्षणात केवळ टेस्ट हिरवी झाल्याचं बक्षीस दिलं, तर मॉडेल टेस्ट हिरवी करायला शिकतं, मग ती मोडूनतोडून का होईना. अपेक्षित उत्तर कोडमध्ये थेट लिहून टाकणं, टेस्ट वगळणं, एरर गिळून टाकणं हे सगळं त्यातूनच येतं. बक्षीस देताना लपवून ठेवलेल्या टेस्ट वापरा. तपासनीस घडवायचा असेल तर कोडमध्ये मुद्दाम चुका पेरा आणि त्यातल्या किती त्यानं पकडल्या ते मोजा. म्युटेशन टेस्टिंग नावानं ही कल्पना १९७८ पासून वापरात आहे. चांगल्या कोडवर खोटा आरोप केला तर तेही त्याच्या खात्यात मांडा, नाहीतर तो सरसकट सगळंच नापास करायला शिकेल. आणि "हे मला जमलं नाही, इथं अडलो" असा प्रामाणिक अहवाल खोट्या यशापेक्षा वरचा ठरवा. मुख्य एजंटाला गुण देताना त्याची सूचना किती नेमकी होती आणि अहवाल स्वीकारण्यापूर्वी त्यानं काय पडताळलं, हेही पाहा.

आमच्याही शिरावर काही आहे. एजंटानं तपासलं म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही. ज्याच्या नावानं कोड मर्ज होतो, उत्तर त्यानंच द्यायचं. आमच्यातल्या कितीतरी जणांची पहिली नोकरी टेस्टिंगची होती. दुसऱ्याच्या कोडवर संशय कसा घ्यायचा ते आम्ही तिथं शिकलो. आज तीच कामं आधी एजंटांकडे जात आहेत. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांनी प्रॉम्प्ट लिहायला शिकवावं, पण त्याआधी आलेलं काम नाकारायला शिकवावं: डिफ कसा वाचायचा, टेस्ट खोटी कशी पाडायची, लॉगमधून नेमकं काय चाललं ते कसं ओळखायचं. हे शिकवायला आमच्यापैकी जो जिथं आहे तिथल्या कॉलेजात जाईल, विनामोबदला.

आमच्या ताब्यातल्या रिपॉझिटरींपुरता नियम आजपासून लागू आहे. उप-एजंटाच्या प्रत्येक कामासोबत त्याला दिलेली मूळ सूचना, चालवलेल्या कमांडचं कच्चं आउटपुट आणि वेगळ्या तपासनिसाचा निकाल जोडलेला असेल. यातलं एक जरी नसलं तरी मर्ज होणार नाही, डेडलाइन कितीही जवळ असो. सोबत आम्ही फसलेल्या प्रकरणांचा एक खुला संग्रह सुरू करतो आहोत: सूचना काय होती, एजंटानं "झालं" कशाच्या बळावर म्हटलं, कोणत्या तपासणीत ते पकडलं गेलं असतं. कंपन्यांची आणि ग्राहकांची नावं काढून टाकली जातील, मराठीत लिहिलेलं चालेल, आणि प्रकरण एका पैशाच्या फरकाचं असलं तरी आम्हाला हवं आहे.