कुत्रं आहे म्हणून कुत्र्याची मौत? मला नाही पटत



आज कांद्याच्या करप्यावर लिहायचं ठरवलं होतं. सकाळी रान फिरून फोटोही काढले. पण येताना पारावर जे ऐकलं त्यानं डोकं फिरलंय, म्हणून आधी हे.

आमच्या शिवारातल्या एकानं, नाव घेत नाही, आपलं बारा वर्षांचं कुत्रं कांद्याच्या गोण्यांबरोबर पिकअपमध्ये घातलं आणि मार्केटला जाता जाता घाटात एका ढाब्यामागं सोडून दिलं. वर सांगतोय, "ढाब्यावर खरकटं मिळतंय, जगंल की." कुत्र्याच्या डोळ्यांवर पडदा, मागचे पाय लुळे. ढाब्यावरची तरणी कुत्री त्याला खरकट्यापर्यंत जाऊ देणार आहेत का? सगळे हसले. मीही तिथंच होतो आणि काही बोललो नाही. त्याची लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

आमचा भाग उसाचा आणि बिबट्याचा. रात्रीची लाईट आली की दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. पुढं कुत्रं असलं तर माणूस निम्म्या भीतीनं चालतो. ते थांबलं, कान टवकारले, गुरगुरलं, की आपण मागं फिरायचं. गोठ्यातली कालवडं, शेळ्या, पडवीत झोपलेली पोरं, सगळ्यांची राखण त्याच्यावर. पगार काय, तर दोन वेळची भाकरी. आणि बारा वर्षांच्या राखणीनंतर निवृत्ती कुठं? ढाब्यामागं.

पोळ्याला आपण बैलांची शिंगं रंगवतो, वसुबारसेला गायवासराला ओवाळतो. दत्ताच्या फोटोतल्या चार कुत्र्यांना हात जोडतो. धर्मराजानं स्वर्गाच्या दारातही कुत्र्याची साथ सोडली नाही, हे कीर्तनात ऐकून माना डोलावतो. आणि दारातलं कुत्रं म्हातारं झालं की ते अडचण होतं. मला हे पटत नाही, आणि कुणाला राग आला तरी मी ते लिहिणार.

पण नुसतं दुसऱ्याला बोलून उपयोग नाही. मी स्वतः दोनदा चुकलोय.

पहिली चूक मोत्याची. सात वर्षांचा होता. सुस्त झाला, खाणं कमी झालं, उन्हातच पडून राहायचा. मी म्हणालो, वय झालं. आठ दिवसांनी नाकातून रक्त आलं तेव्हा दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी ओठ उचलून दाखवला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. म्हणाले, "हे म्हातारपण नाही, गोचीड ताप आहे. आठ दिवस आधी आणला असता तर औषधाला दाद दिली असती." दुसऱ्या दिवशी गेला. अंगावर गोचिडी होत्या, मला दिसत होत्या. गाईच्या गोचिडीला मी औषध मारत होतो, कुत्र्याच्या नाही.

दुसरी चूक याच्या उलटी, खंड्याची. तेरा वर्षं जगला. तोंडाला घाण वास यायला लागला, उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं, किडन्या गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस सलाईन लावू. फरक नाही पडला तर त्याला सोडवू." चार दिवसांत फरक पडला नाही आणि माझा धीर झाला नाही. पाप लागेल म्हणालो. पुढचे सात दिवस त्याच्या तोंडात चमच्यानं दूध ओतत राहिलो. ते श्वासनळीत जायचं, तो ठसकायचा, आणि मला वाटायचं मी सेवा करतोय. शेवटी मालकीण म्हणाली, "अहो, तो तुमच्यासाठी जगतोय. त्याला काय हवंय ते बघा की." त्या दिवशी डॉक्टरांना घरी बोलावलं.

एकाला मी वेळेआधी म्हातारा ठरवला, दुसऱ्याला वेळ झाल्यावरही जाऊ दिला नाही. दोन्हीचं कारण एकच. पिकाच्या पानावरचा ठिपका बघून रोग ओळखणारा मी, दारातल्या जनावराकडं कधी नीट बघितलंच नाही. म्हणून आता बघायचं कसं ते लिहितो. डॉक्टरांना विचारून आणि अनुभवातून शिकलेलं आहे.

आधी हे तपासा, कारण यातलं बरंच बरं होऊ शकतं:

१. कुत्रं ताटलीपाशी येतं, हुंगतं, घास उचलतं आणि टाकून देतं. त्याला भूक आहे, दात किंवा हिरड्या दुखताहेत. भाकरी कुस्करून, कोमट पाण्यात भिजवून द्या आणि तोंड तपासून घ्या.

२. ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असली तर ठीक. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. पांढरी असेल तर रक्त कमी आहे, पिवळी असेल तर कावीळ. त्याच दिवशी दवाखाना. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

३. पाणी अचानक फार प्यायला लागलं, लघवीही फार. किडनी किंवा साखर असू शकते. कुत्री असेल आणि माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत असं झालं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ऑपरेशननं कुत्री वाचते, थांबलात तर जाते.

४. सकाळी उठताना त्रास, चालायला लागल्यावर मोकळं होतं. हे सांधे. त्याला औषध आहे. पण घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. माणसाच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडन्या जातात.

५. एक सावधगिरी. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय, कारण नसताना चावायला येतं, असं असेल तर तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं असू शकतं. वेगळं ठेवा, लगेच डॉक्टरांना कळवा. लाळ लागली किंवा चावलं तर साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा.

हे सगळं तपासून झालं, डॉक्टर म्हणाले की आता उपाय नाही, तर मग शेवट जवळ आल्याच्या खुणा अशा:

मटणाचं हाड पुढं ठेवलं तरी तोंड फिरवतं, आणि एक दिवस नाही, सलग दोन-तीन दिवस. पाणीही सोडतं. पाठीचा कणा, माकडहाड हाताला टोचायला लागतं. पडल्या जागी लघवी-शी होते आणि सरकायची ताकद नसते. एका कुशीवर पडून जखमा होतात, त्यात माश्या बसून किडे पडतात. सावलीत शांत पडलेलं असताना मिनिटाला श्वास मोजा. तीसच्या आत हवेत. गरम होत नसताना चाळीसच्या वर जात असतील तर शरीराला झेपत नाहीये. काही रात्रभर ओरडतात, भिंतीकडं तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या अंगणात वाट चुकतात. काही गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला जाऊन एकटी पडतात. आणि सगळ्यात मोठी खूण, तुम्ही गाडी लावून घरात आलात तरी शेपटीचं टोकही हलत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. खाल्लं, उठलं, ओळख दाखवली, तर बरोबरची खूण. नाही, तर फुली. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की निर्णयाची वेळ आली. ही पद्धत मी खंड्याच्या वेळी वापरली असती तर त्याचे सात दिवस वाचले असते. मनानं ठरवायला गेलं की आपण रोज "आज जरा बरं वाटतंय त्याला" असं म्हणत राहतो.

अगदी शेवटच्या काही तासांत कान आणि पाय गार पडतात, श्वासात खंड पडतो, नजर एका जागी थांबते. तेव्हा तोंडात काही ओतायचं नाही. ओल्या फडक्यानं हिरड्या ओल्या करायच्या. खाली पाचट आणि त्यावर पोतं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत, साखळी काढायची. आणि जवळ बसायचं.

आता लोक काय म्हणतात ते बघू.

"आरं, कुत्रंच हाय ते, निसर्ग बघंल." निसर्गातलं जनावर आडोसा शोधून मरतं. आपल्या कुत्र्याच्या गळ्यात आपली साखळी आहे. ते उन्हातून सावलीतही जाऊ शकत नाही. बारा वर्षं बांधून ठेवायचं आणि शेवटच्या आठवड्यात निसर्गाच्या हवाली करायचं, ही सोय झाली.

"एवढा खर्च कुत्र्यावर?" खंड्याचं सगळं मिळून माझे अठराशे रुपये गेले. कांद्याच्या एका फवारणीला मी त्याहून जास्त घालवतो आणि थ्रिप्स तरीही राहतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रंही बघतात. विचारायला लाज कसली?

"इंजेक्शन देऊन मारणं पाप आहे." हे मीही म्हणालो होतो, म्हणून या माणसावर मी रागवत नाही. फक्त एवढंच सांगतो. खंड्याला आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तो झोपला, मग दुसरं दिलं. काही मिनिटांत हृदय थांबलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याआधीचे सात दिवस आठवले की पाप कुठलं ते मला कळतं. पण हे काम डॉक्टरांचंच. दुकानातल्या पावडरीचं किंवा औषधाचं नाही. कीटकनाशक घातलेलं कुत्रं कसं तडफडतं ते ज्यानं बघितलंय तो परत त्या वाटेला जाणार नाही. आणि ते मेलेलं कुत्रं खाऊन दुसरी जनावरंही मरतात.

हीच काळजी इंजेक्शननंतरही घ्या. औषध शरीरात राहतं. उघड्यावर टाकलं तर गिधाड, कोल्हा, दुसरी कुत्री ते खाऊन मरू शकतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं गिधाडांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून तर २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, चार फूट तरी खोल खड्डा घ्या, वर दगड ठेवा.

"सोडून आलो तर काय बिघडलं?" कायद्यानं बिघडलं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे. उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या भीतीनं कुणी सुधारणार नाही हे मलाही कळतं, म्हणून कायद्यापेक्षा शरमेवर माझा भरवसा जास्त आहे.

हे पान वाचणाऱ्या कृषी आणि पशुसंवर्धनवाल्या साहेबांनाही एक विनंती. गावात शिबिर लावता, गाई-म्हशी तपासता, लाळ्या-खुरकूतची लस टोचता. त्याच मांडवात एक टेबल कुत्र्यांचं ठेवा. रेबीजची लस, गोचिडीचं औषध, आणि म्हाताऱ्या कुत्र्याची हिरडी कशी बघायची ते दोन मिनिटांत दाखवा. मला ते कुणी दाखवलं असतं तर मोत्या आणखी पाच वर्षं जगला असता असं मला वाटतं.

आणि पारावरच्या त्या भल्या माणसाला: मी उद्या सकाळी मार्केटला चाललोय. ढाब्यापाशी थांबणार आहे. कुत्रं सापडलं तर माझ्या गोठ्यात आणतोय, डॉक्टरांना दाखवतोय. तुला यायचं असेल तर सहा वाजता ये, गाडीत जागा आहे. तुझ्या हाकेला ते लवकर बाहेर येईल.

बाकीच्यांनी आज संध्याकाळी दारातल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन दोन मिनिटं बसा. ओठ उचला, कानामागच्या गोचिडी बघा, श्वास मोजा. काय दिसलं ते खाली लिहा.

करप्याचं परवा लिहितो.