संगणकापुढील कामगार

स्थापत्य वा यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबलेले प्राध्यापक, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले-मुली आपला मूळ मार्ग सोडून संगणक उद्योगाकडे वळत आहेत. कर्ज काढून खाजगी वर्गांची फी भरायची आणि पुणे, बंगळूर वा हैदराबाद गाठायचे, हा घरोघरचा क्रम झाला आहे. वैयक्तिक महत्त्वाकांक्षेचा विजय म्हणून भांडवली वृत्तपत्रे त्याचे गोडवे गातात. वास्तविक ज्या व्यवस्थेने प्राध्यापकाला कायम नेमणूक आणि शेतमालाला रास्त भाव नाकारला, तिनेच या तरुणांना तेथवर रेटत नेले आहे.

तेथे त्यांच्या वाट्याला काय येते? मोठ्या कंपन्यांतील नवागताचा वार्षिक पगार दशकभर साडेतीन लाख रुपयांच्या आसपास घोटाळत राहिला. घरभाडे मात्र थांबले नाही. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. हिंजवडीच्या वा बंगळूरच्या बाह्य वर्तुळमार्गावरील कोंडीत रोजचे कित्येक तास खर्ची पडतात. गिरणगावच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा कामगार आणि हा अभियंता यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही.

कामाच्या तासांबाबत तर इतिहासाचे चाक उलटे फिरवले जात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्यानंतर १३४ वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, कर्नाटकातील संगणक कंपन्यांनी सरकारपुढे चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव ठेवला! आठवड्याला सत्तर तास राबण्याचा उपदेश इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्येच केला होता.

सेवाशर्ती लेखी बांधून देणाऱ्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून या उद्योगाला दिलेली सूट कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये आणखी पाच वर्षे वाढवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी स्थायी आदेशांच्या सक्तीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. दरम्यान जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या पदांवरील अनुभवी माणसे होती. गळ्यातील ओळखपत्र ही नोकरीची हमी नव्हे, हे त्यावरून उघड झाले.

पेशा बदलला म्हणून वर्ग बदलत नाही. जो आपली श्रमशक्ती विकून जगतो तो कामगारच. मग त्याच्या हाती धोटा असो वा कळफलक. ही जाणीव आता रुजू लागली आहे. संगणक कर्मचाऱ्यांना संघटना बांधण्यास आडकाठी नाही, असे तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ मध्ये त्यांची संघटना नोंदली गेली. तिने चौदा तासांच्या प्रस्तावाविरुद्ध निदर्शने केली आणि तो प्रस्ताव कायद्यात उतरला नाही.

मात्र या चळवळीचा पाया अद्याप अरुंद आहे. त्याच काचेच्या इमारतीत कंत्राटी पहारेकरी, सफाई कामगार, उपाहारगृहातील पोऱ्या आणि गाडीचालक राबतात. अभियंत्याने त्यांना आपले सहकारी मानले, तरच त्याची संघटना बळकट होईल. कामगार चळवळीनेही या तरुणांना 'पांढरपेशे' म्हणून दूर लोटता कामा नये. त्यांच्या वसतिगृहांपर्यंत, त्यांच्या बसथांब्यांपर्यंत पोहोचणे हे आजचे निकडीचे कार्य आहे.