ओल्या वाटेवरचें सारथ्य

महाभारतांतील नलाख्यान आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहेच. बाहुकाच्या रूपांत ऋतुपर्णाचा रथ हांकणाऱ्या नलाचा वेग असा कीं, राजाचें उत्तरीय गळून पडलें व त्यानें रथ थांबविण्यास सांगितलें, तोंच तें योजनभर मागें राहिलें होतें. त्याच प्रवासांत दोघांमध्यें विद्यांची देवघेव ठरते. राजाला अश्वविद्या मिळावयाची आणि नलाला संख्येची व अक्षांची विद्या. सारथ्यास नुसती हातांतील कला पुरत नाहीं, तिला गणिताची जोड लागते, हा बोध या कथेंतून सहज घेतां येतो. आजच्या काळीं या दोन्ही विद्यांची कठोर परीक्षा होते ती पावसानें भिजलेल्या मार्गावर शर्यतीची मोटार हांकतांना. अशा विषयाशीं गृहस्थाश्रमी वाचकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. तो पुढें येईलच.

मोटारीचें प्रत्येक चाक रस्त्याला टेकतें तें सुमारें एका तळहाताएवढ्या जागेनें. वेग वाढविणें, थांबणें आणि वळणें या तिन्ही क्रियांना लागणारी पकड या चार तळहातांतूनच मिळावयाची. ही पकड म्हणजे एकत्र कुटुंबाची एकच थैली समजावी. एकानें अधिक काढलें कीं दुसऱ्यास कमी उरतें. म्हणूनच भर वळणावर चाकें जखडतील इतक्या जोरानें ब्रेक दाबला कीं मोटार वळत नाहीं, सरळ घसरत जाते. पावसांत ही थैली जवळजवळ अर्धी होते. ताशीं १०० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ५० मीटरांत थांबत असेल, तर पकड निम्मी होतांच तिला १०० मीटर लागतात. शर्यतीच्या मोटारीचें तर यंत्रच इतकें बलवान कीं, चालकाचा पाय किंचित् जड पडला तरी चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात आणि मोटार भोंवऱ्यासारखी गरकन् फिरते.

शर्यतीच्या मार्गावर आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. कोरड्या दिवशीं सर्व मोटारी वळणावर एकाच रेषेनें जातात; तेथें टायरांचें रबर घासून बसतें व ती रेषा सर्वांत चांगली पकड देते. पाऊस पडतांच तीच रेषा सर्वांत निसरडी होते, कारण रबराचा व तेलाचा गुळगुळीत थर पाण्याखालीं जातो. मग जाणता चालक ती रुळलेली वाट सोडतो आणि बाहेरच्या बाजूनें, जेथें रस्ता खडबडीत आहे तेथून, वळण घेतो. कालची हिताची वाट आज घात करते हें ज्याला वेळीं ओळखतां येतें, तोच पुढें जातो.

११ जुलै १९२६ रोजीं बर्लिनजवळच्या आव्हुस मार्गावर जर्मनीची पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत झाली. रुडॉल्फ काराचिओला हा २५ वर्षांचा तरुण मर्सिडीझ मोटार घेऊन उतरला होता. आरंभींच त्याचें यंत्र बंद पडलें. साहाय्यकानें उतरून मोटार ढकलली, तोंवर मिनिटाहून अधिक काळ गेला. पुढें पाऊस कोसळूं लागला. त्याचाच सहकारी ॲडॉल्फ रोझेनबर्गर याची मोटार घसरून वेळ नोंदविणाऱ्यांच्या खोपटावर आदळली व तेथें तिघांचा अंत झाला. त्याच मार्गावर, त्याच पावसांत काराचिओला शर्यत जिंकला. पुढें लोक त्याला ‘रेगेनमाइस्टर’, म्हणजे पावसाचा उस्ताद, म्हणूं लागले. ओल्या वाटेवर हात शांत लागतो. सुकाणू, ब्रेक किंवा वेग यांपैकीं कशालाच हिसका चालत नाहीं.

परंतु हाताच्या कलेलाही एक सीमा आहे, आणि ती संख्याविद्या सांगते. साचलेलें पाणी टायरच्या खांचांतून वेळेवर बाहेर पडलें नाहीं, तर तें चाकाखालीं पाचरीसारखें शिरतें, चाक रस्त्यावरून उचललें जातें व मोटार तरंगूं लागते. मग सुकाणू फिरवा किंवा ब्रेक दाबा, उपयोग शून्य. अमेरिकेच्या नासा संस्थेंतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनीं विमानांच्या चाकांचा अभ्यास करून १९६३ सालीं याचा एक सुलभ नियम प्रसिद्ध केला. टायरमधील हवेचा दाब पौंडांत घ्यावा, त्याच्या वर्गमूळास १६·७ नीं गुणावें, म्हणजे चाक तरंगण्याचा वेग ताशीं किलोमीटरांत येतो. दाब ३२ पौंड असेल तर हें उत्तर सुमारें ९४ येतें. खोल खांचांच्या नव्या टायरला थोडी सवलत मिळते, झिजलेल्याला मुळींच नाहीं. शर्यतीचा खास पावसाळी टायर ताशीं ३०० किलोमीटर वेगांत सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूस फेंकतो, असें पिरेली कंपनी सांगते. आपल्या घरच्या मोटारीस असलें वैभव नाहीं.

आतां घरचा संबंध पाहूं. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून तो आमच्या वाशीम जिल्ह्यांतून जातो. ५ जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. वरील ९४ शेजारीं हा १२० चा आंकडा मांडून पाहावा. मुभा ही कमाल मर्यादा होय. साचलेल्या पाण्यावरून तितक्या वेगानें जावें अशी ती आज्ञा नव्हे. कायद्यानें मोटारीच्या टायरची खांच किमान १·६ मिलिमीटर हवी. पावसाळ्यापूर्वीं ती घरींच पाहून घ्यावी. अनसिंगसारख्या गांवाकडील रस्त्यांवर तर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या रानांतील चिखल डांबरावर येतो, आणि मृगाच्या पहिल्या सरींत धूळ, तेल व चिखल यांची जी राड होते तिच्यापुढें कसलाही टायर हात टेकतो.

थांबण्याचें धैर्य हा या सारथ्याचा शेवटचा धडा. २४ ऑक्टोबर १९७६ रोजीं जपानमध्यें फुजी येथें मुसळधार पावसांत वर्षाची अखेरची शर्यत होती. निकी लाउडा तीन गुणांनीं पुढें होता. तीनच महिन्यांपूर्वीं तो अपघातांत भयंकर भाजला होता. दोन फेऱ्या होतांच त्यानें मोटार बाजूस घेतली. जेम्स हंट तिसरा आला व अवघ्या एका गुणानें जगज्जेता ठरला. लाउडा मात्र १९७७ व १९८४ सालीं पुन्हां जगज्जेता झाला.

भाद्रपदांत महालक्ष्म्यांसाठीं पुण्यामुंबईकडचीं मुलें भर पावसांत मोटारींनीं घरीं येतात. स्वयंपाक तयार असतो, आणि घरांतून दर अर्ध्या तासाला फोन जातो, “कोठवर आलांत? नैवेद्य खोळंबला आहे!” तो फोन मुलाच्या पायाला जड करतो. त्याऐवजीं आदल्या दिवशींच कळवावें कीं, पाऊस लागला तर वाटेंत थांबा. पानें उशिरा मांडूं.