विद्येचा वाटसरू : धर्मानंद कोसंबी

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ज्यांना ग्रंथसंपादनासाठी चार वेळा बोलावून घेतले, त्या धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण अर्धवट राहिले आणि लहान वयातच नारळीच्या बागांची व्यवस्था अंगावर पडली. ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्याने मनाची पकड घेतली. बुद्धाचा उपदेश मुळातून समजून घ्यावयाचा, हा ध्यास तेव्हापासून लागला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळपर्यंत गेले. तेथे समाधान झाले नाही, म्हणून सिंहलद्वीप गाठले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले, श्रामणेर झाले आणि पुढे ब्रह्मदेशातही राहिले. जी विद्या जेथे जिवंत होती, तेथे तिच्या दारी जाऊन उभे राहणे, हीच त्यांची शिक्षणपद्धती.

या विद्येचे मोल एकट्या धर्मानंदांनी दिले नाही. मागे गोव्यात पत्नी बाळाबाई व तान्ही माणिक होत्या. पती परत येईल की नाही, याची शाश्वती नसताना बाळाबाईंनी कित्येक वर्षे काढली. धर्मानंदांच्या कीर्तीचा जमाखर्च मांडताना त्यांच्या नावे पडलेली ही रक्कम वगळता येत नाही. १९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले, तेव्हा संसार पुन्हा उभा राहिला.

परंतु मिळविलेली विद्या आपल्या प्रांतात पोहोचत नाही, ही खंत होती. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याच्या अधिक वेतनाचा मोह सोडून त्यांनी ही अल्प वृत्ती पत्करली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, पु. वि. बापटांसारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९१८ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेस जाताना माणिक व पुत्र दामोदर यांना त्यांनी सोबत नेले. हेच दामोदर पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून विख्यात झाले.

हार्वर्डमधील कार्य होते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने ते अपुरे राहिले होते. संपादनाचे श्रेय कोणाचे, यावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये धर्मानंद मायदेशी परतले. तरीही पुन्हा बोलावणे येताच ते गेले, कारण काम पुरे व्हावयाचे होते. १९२९ मध्ये ते रशियात लेनिनग्राडलाही गेले. परतल्यावर मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास सोसला.

बौद्ध विद्येसाठी देशोदेशी फिरलेल्या या पंडिताची अखेरची वाटचाल मात्र भगवान पार्श्वनाथांकडे वळली. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांवर त्यांनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ लिहिला. देह सेवेस असमर्थ झाला, तर अनशनाने त्याचा निरोप घ्यावा, ही त्यांची धारणा होती. १९४६ मध्ये आरंभिलेले उपोषण महात्मा गांधींच्या आग्रहावरून थांबविले. परंतु प्रकृती सावरली नाही. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात अनशनानेच त्यांनी देह ठेवला.

चातुर्यामावरील ग्रंथ १९४९ मध्ये प्रकाशित झाला. ‘विसुद्धिमग्ग’ची हार्वर्ड आवृत्ती १९५० मध्ये निघाली. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्यासह धर्मानंद कोसंबी हे नाव आहे. ते पाहण्यास धर्मानंद नव्हते.