चौकातील पालघट आणि कागदावरची सही

युरोपीय प्रबोधनकाळातील चित्रकलेचा गौरव करताना आपले समीक्षक मानवमुक्तीची भाषा बोलतात. हा मुक्त झालेला मानव कोण, हा प्रश्न मात्र स्त्रीवादी अभ्यासकांना विचारावा लागला. जॉर्जोनेची निद्रिस्त व्हीनस उघड्या माळावर पहुडली आहे. तिच्या देहाची वळणे आणि मागील टेकड्यांची वळणे एकमेकांत मिसळून गेली आहेत. स्त्री आणि निसर्ग, दोन्ही मूक, दोन्ही पाहणाऱ्याच्या स्वाधीन. ड्यूररच्या एका काष्ठमुद्राचित्रात तर चित्रकार जाळीच्या चौकटीतून समोर पहुडलेल्या स्त्रीचे रेखाटन करतो आहे. मोजणीदाराने शेताची मोजणी करावी तसे! थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, याचे उत्तर लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ साली प्रतिभेत न शोधता संस्थांत शोधले. नग्न देहाचे रेखाटन हा जेथे शिक्षणाचा पाया, तेथेच स्त्रियांना शतकानुशतके मज्जाव होता.

आपल्या डहाणू-तलासरीकडील वारली समाजात परंपरा निराळी. लग्नघरी सुवासिनी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्यभागी पालघट, वनस्पतीसृष्टीची व सर्जनाची देवता, भोवती झाडे-वेली. येथेही स्त्री आणि निसर्ग एकरूपच आहेत, परंतु रेखाटणारा हात स्त्रीचा आहे, आणि त्या चौकावाचून लग्न लागत नाही.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या कलेला कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्या कागदावर जगभर पोहोचले. २०११ साली पद्मश्री झाले. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकते. भिंतीवरील चित्राला सही नव्हती आणि किंमतही नव्हती. कागदावर दोन्ही आल्या, तेव्हा सही बहुधा पुरुषाची झाली. भाताची लावणी बाईने करावी आणि सातबाऱ्यावर नाव बुवाचे असावे, त्यातलाच हा प्रकार.

निसर्गाला माता मानण्याने त्याच्या लुटीला पूर्वी काही आळा बसत होता, असे कॅरोलिन मर्चंट यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात मांडले. आम्हा सांताक्रूझकरांना ते पटणे कठीण. नदीला माता म्हणणाऱ्या समाजानेच मिठीचे पात्र भराव घालून आवळले. २६ जुलै २००५ रोजी येथील वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्या मातृभक्तीचा हिशेब घराघरांत शिरला. बीना अगरवाल यांचे १९९२चे प्रतिपादन मला अधिक सयुक्तिक वाटते: स्त्रीचे निसर्गाशी असलेले नाते उपजत नसून श्रमविभागणी आणि मालमत्तेची वाटणी यांतून घडते.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी कार्यालये वारली चित्रे विकत घेतात, स्थानकांच्या भिंती रंगवून घेतात. त्या प्रत्येक कामाच्या देयकात, प्रत्यक्ष ज्यांनी काढले त्या सर्वांची, बायकांचीसुद्धा, नावे आणि मजुरी स्वतंत्र लिहिली जावी. आणि जेथे १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले, त्या आमच्या शेजारच्या नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाने चौक काढणाऱ्या वृद्ध सुवासिनींची गावनिहाय नोंद, त्या हयात आहेत तोवर, हाती घ्यावी.